दाराची वेणी

मारतहळ्ळीच्या पुलाजवळ अवरेकाईचे ढीग दिसायला लागले की संक्रांत जवळ आली असं समजायचं. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची चुलत बहीण. तिच्या शेंगांना एक तेलकट, उग्र वास असतो. तो पिशवीला लागतो, बोटांना लागतो आणि आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टमध्येही महिनाभर मुक्कामाला असतो. काल संध्याकाळी लिफ्टचं दार मिटलं, तो वास आला आणि मला एकदम खाली बसावंसं वाटलं. रडू वगैरे काही आलं नाही.

थकवा हा आता माझा स्वभावच झाला आहे. गेल्या श्रावणात सासूबाई गेल्या, तेव्हा सगळे म्हणाले, खूप केलंस, आता जरा विश्रांती घे. मी आज्ञाधारकपणे घेतली. रजा टाकून आठ दिवस झोपले. उठले तेव्हा दमलेलीच होते. चार वाजून गेले की अजूनही माझे कान दाराकडे लागतात. कडी वाजली का, चपला ओढल्याचा आवाज आला का. कोणी नसतं. तरी मी उठून बघून येते.

लिफ्टमध्ये माझ्याबरोबर शारदक्का होत्या. आमच्या समोरच्या दारात राहतात. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं आहे की त्यांचं त्यांनाही वेगळं काढता यायचं नाही. मला म्हणाल्या, "यंदा तरी हळदीकुंकू करणार काय गं? दोन वर्षं झाली."

"बघू, अक्का."

"बघू म्हणजे नाही. सरी, बरं, नको करू." पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या थांबल्या. "पण स्वल्प तरी कर. तिळगूळ तरी दे. मुळीच काही नाही, असं नको."

मी मान हलवली. अक्का आपल्या दारात गेल्या, मी माझ्या. माझ्या दारावर काहीही नाही. एक खिळा आहे, तेवढाच.

त्या खिळ्यावर दोन वर्षांपूर्वी जे होतं त्याला काय म्हणायचं, यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. तोरण म्हणावं तर ते आडवं असतं, हे गोल. महेश, माझा नवरा, त्याला रीथ म्हणायचा. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांभाळायला आनेकलहून बसने येणाऱ्या रत्नम्मा त्याला हार म्हणायच्या. आई मात्र सरळ वेणी म्हणायच्या, आणि शेवटी आम्हीही तेच म्हणू लागलो. दाराची वेणी.

आई निपाणीच्या. सासरे गेल्यावर बरीच वर्षं तिथे एकट्या राहिल्या आणि झोकात राहिल्या. मग एकदा गॅसवर रिकामं भांडं ठेवून बाजारात गेल्या. दुसऱ्यांदा बाजारात जाऊन परत आल्या त्या शेजारच्या गल्लीत. महेश त्यांना इकडे घेऊन आला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते आम्ही घरात कधी उच्चारलं नाही. "आई जरा विसरतात" एवढंच म्हणायचो. त्या जरा नव्हे, सगळंच विसरत होत्या, फक्त क्रमाक्रमाने.

त्यात आमची ही इमारत. एका मजल्यावर आठ दारं, आठही कॉफीच्या रंगाची, एकाच मापाची, एकाच पितळी मुठीची. मी स्वतः नवीन असताना दोनदा दुसऱ्याच्या कुलपात किल्ली घातली होती. आईंना दिवसातून तीन-चारदा बाहेर पडायचं असायचं. दाराला आतून कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी दार बडवून आकांत केला, "मला कोंडलंय गं, कोंडलंय!" त्यानंतर कुलूप लावायचा धीर आम्हाला झाला नाही. त्या मोकळेपणी बाहेर जायच्या, पॅसेजच्या टोकापर्यंत चालायच्या आणि वळल्या की थांबायच्या. आठ दारं. मग जे जवळ असेल त्याची बेल. शेजारी चांगले होते. पण चांगुलपणालाही दुपारी झोप हवी असते. एकदा एकाने दार उघडून मला हिंदीत सांगितलं, "मॅडम, इनका कुछ कीजिए ना." त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

डॉक्टर म्हणाले, दारावर काहीतरी ठळक लावा, त्यांना ओळखीचं वाटेल असं. आंब्याच्या पानांचं तोरण सगळ्यांच्याच दारावर. गणपतीही सगळ्यांकडेच. नावाची पाटी वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा कुठे आहे ते आठवावं लागतं. मग शारदक्का मला चामराजपेटेतल्या त्यांच्या ओळखीच्या रिबिनीच्या दुकानात घेऊन गेल्या. अरुंद बोळ, बोळाइतकंच अरुंद दुकान आणि वरपासून खालपर्यंत रिबिनीची रिळं. मी हळदीच्या रंगाची साटीनची रिबीन घेतली. लांबून दिसली पाहिजे, एवढाच विचार.

करायची पद्धत साधी. भरतकामाची लाकडी रिंग घ्यायची. रिबिनीचे वीतभर तुकडे कापायचे, प्रत्येकाची टोकं मेणबत्तीवर जराशी धरायची म्हणजे दोरे सुटत नाहीत, आणि मग एकेक तुकडा रिंगेला बांधून त्याचं फूल करायचं. शेजारी शेजारी, दाटीवाटीने, लाकूड दिसेनासं होईपर्यंत. पहिल्या रविवारी दुपारी मी जमिनीवर बसून हा उद्योग मांडला. माझं फूल दर वेळी एका बाजूला लोळायचं. आई सोफ्यावरून बघत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आण इकडे. असं बांधतात होय?"

त्यांनी रिंग मांडीत घेतली, तुकडा दोन बोटांवर गुंडाळला, ओढला, आणि फूल तयार. दोन्ही पाकळ्या सारख्या. तीन मुलींच्या दोन-दोन वेण्या, रोज सकाळी शाळेच्या आधी, कितीतरी वर्षं; ते त्यांच्या बोटांत शिल्लक होतं. मुलींची नावं उलटसुलट व्हायची, पण फूल एकदाही चुकलं नाही. मी टोकं जाळून द्यायची, त्या बांधायच्या. मध्येच समोर कोणी मुलगी बसली असल्यासारखं म्हणायच्या, "मान हलवू नको गं." जळक्या रिबिनीचा वास घरभर झाला होता. मला तो अजून आवडतो.

महेशने दारावर खिळा ठोकला आणि वेणी लावली. दुसऱ्या दिवशी रत्नम्मा आईंना पॅसेजमध्ये फिरवून आणत होत्या. मी दारात उभी राहून बघत होते. आई वळल्या, थांबल्या, आणि थेट आमच्या दाराशी आल्या. वेणीला हात लावला. "ही मी बांधली," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन स्वतःच्या खुर्चीत बसल्या. रत्नम्मांनी दोन्ही हात जोडून वर पाहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. इतके महिने कोणीतरी दोन्ही खांदे दाबून धरल्यासारखं वाटत होतं, ते क्षणभर सुटलं.

तो डिसेंबर चांगला गेला. बेंगळुरूची थंडी फार नसते, पण सकाळी खिडकीच्या काचा ओलसर असतात आणि ऊन दहा वाजेपर्यंत कोवळंच राहतं. आई उन्हात बसायच्या, फिरून यायच्या, वेणी बघून आत यायच्या. शेजाऱ्यांच्या बेल वाजणं थांबलं.

आता जे सांगायचं आहे ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. आई फुलं बांधत बसल्या की दोन-दोन तास उठत नसत. काही विचारत नसत, कुठे जात नसत. आणि ते दोन तास माझे असत. मी घरून काम करत होते, मीटिंगमागून मीटिंग असायच्या, आणि त्या दोन तासांत मी निवांत बोलू शकत होते, चहा गरम असताना पिऊ शकत होते. म्हणून मी अक्कांना पाठवून आणखी रिबीन मागवली. त्याच रंगाची, कारण दुसरा रंग आईंना चालेना. निळी दिली तर बाजूला ठेवायच्या. एक वेणी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. पलंगाखालचं खोकं भरलं. आईंना काम हवं होतं असं मी सगळ्यांना सांगत होते. ते खरंच होतं. पण मला शांतता हवी होती, हे जास्त खरं होतं.

एवढ्या वेण्यांचं करायचं काय? संक्रांत तोंडावर आलेली. मजल्यावर आमच्याशिवाय सात घरं, कोणी तमिळ, कोणी बंगाली, कोणी इथलेच. मी हळदीकुंकू करायचं ठरवलं आणि वाण म्हणून एकेक वेणी द्यायची असं ठरवलं. इतकी नामी कल्पना मला आयुष्यात पुन्हा सुचायची नाही. स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा घरी बनवलेली वस्तू, तीही आजींच्या हातची. माझा मलाच अभिमान वाटला.

बायका आल्या. आई जरीच्या साडीत बसल्या होत्या, प्रत्येकीला अत्तर लावत होत्या, काहींना दोनदा. अक्कांनी एळ्ळु-बेल्लाची पुरचुंडी आणली होती, तिळाबरोबर खोबरं आणि गुळाचे खडे. घर हसण्याने भरून गेलं. प्रत्येकीने वेणी हातात घेऊन "अज्जीने बनवली?" म्हणून आईंच्या पाया पडून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं, तर पॅसेजमध्ये आठ दारांवर आठ पिवळ्या वेण्या. पहिल्या उन्हात नुसती झळाळत होती सगळी ओळ. प्रेमाने, आठवणीने लावलेल्या. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. नणंदांनी हृदयं पाठवली.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. वीस वर्षं मला पगार मिळतो तो दुसऱ्यांनी काय विचारात घेतलं नाही हे शोधण्यासाठी. त्या ओळीकडे मी पुरती दोन मिनिटं बघत उभी होते आणि मला काही दिसलं नाही.

त्या दिवशी रत्नम्मा सणासाठी आनेकलला थांबल्या होत्या. महेश ऑफिसात. चारच्या सुमारास माझी मीटिंग सुरू झाली, कानांवर हेडफोन. मीटिंग संपली तेव्हा घर शांत होतं. मला वाटलं, आई झोपल्या. मी उठून बघायला हवं होतं. खोली सात-आठ पावलांवर होती. पण मी चहा टाकला, कप घेऊन खिडकीशी बसले आणि ती शांतता उपभोगली. हाच शब्द बरोबर आहे. मला बरं वाटत होतं.

बेल वाजली. दारात शारदक्का, देवळातून आलेल्या, हातात फुलांचा द्रोण. "वैशाली, तुझ्या सासू तिकडे बसल्यात."

पॅसेजच्या अगदी टोकाला, शेवटच्या दाराशी, आई जमिनीवर बसल्या होत्या. दाराला पाठ टेकून, पाय पसरून. ते कुटुंब त्या सकाळीच सणाला गावी गेलेलं, दाराला बाहेरून कुलूप. आईंचे तळहात लाल झाले होते. डोक्यावर, दाराच्या मध्यावर, पिवळी वेणी. त्या किती वेळ तिथे होत्या कोण जाणे. आल्या असतील, आपली वेणी ओळखली असेल, दार लोटलं असेल, मग वाजवलं असेल.

"सून दार काढंना," त्या अक्कांना सांगत होत्या. तक्रार नव्हती आवाजात, नुसती दमणूक होती. "किती हाक मारली. आत असून काढंना."

मी खाली बसले. "आई, मी इथे आहे. चला, आपल्या घरी चला."

"हेच आपलं. ही बघ की, मी बांधलेली." त्यांनी हात वर करून वेणी दाखवली.

त्यांनीच बांधलेली होती. आठही त्यांनीच बांधल्या होत्या. मजल्यावर एकच माणूस बरोबर बोलत होतं आणि ते जमिनीवर बसलेलं होतं. मी आणि अक्कांनी त्यांना उचलून घरी आणलं, तेव्हा त्या आमच्या दाराच्या चौकटीला घट्ट धरून राहिल्या. "परक्याच्यात नको गं, परक्याच्यात नको." त्यांच्या बोटांत केवढी ताकद होती, हे मला तेव्हा कळलं.

अक्कांनी कुणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण दिवेलागणीपर्यंत सहा दारं मोकळी झाली आणि शेवटच्या दारावरची वेणी अक्कांनीच फोनवर विचारून उतरवली. बंगाली शेजारीण आपली वेणी परत द्यायला आली होती, तर अक्कांनी तिला दारातूनच वळवलं. "वाण परत देत नाहीत. घरात लाव, आत, देवाजवळ लाव." मग मला म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नको. आम्हा सगळ्यांच्याच लक्षात नाही आलं की." मी मनाला लावून घेतलं. अजून आहे लागलेलं.

बाहेर आता एकच वेणी होती, आमची. पण आईंचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. त्या दारासमोर उभ्या राहायच्या, वेणीकडे बघायच्या आणि पाऊल पुढे टाकायच्या नाहीत. समजावून, रागावून, हात धरून पाहिलं. पंधरा दिवसांनी रत्नम्मांनाच युक्ती सुचली. त्या दार उघडून म्हणाल्या, "बन्नी अम्मा, काफी घेऊन जा." या बाई, कॉफी पिऊन जा. आणि आई लगेच आत आल्या, पाहुण्यासारख्या. तेव्हापासून तेच. रोज आम्ही त्यांना त्यांच्याच घरात चहाला बोलवायचो आणि रोज त्या संकोचून यायच्या, सोफ्याच्या कडेवर बसायच्या, पाणी मागायच्या नाहीत. निघताना "बरंय, येते" म्हणायच्या, आणि मग आणखी जरा वेळ बसा असा आग्रह करावा लागायचा. जेवायला थांबा. आज राहाच. आग्रह करण्यात माणूस इतकं दमतं हे मला ठाऊक नव्हतं. एक दिवस मी वेणी काढून टाकली. ती असली काय, नसली काय.

लोक म्हणतात, तू त्यांची किती सेवा केलीस. एक दार त्यांना ओळखू येत होतं, ते मी सात ठिकाणी वाटून टाकलं. ते सणाच्या आनंदात वाटलं, हेही खरं, आणि दोन तासांच्या शांततेसाठी वाटलं, हेही.

त्याच वर्षी फाल्गुनातली एक दुपार आठवते. अवरेकाई संपली होती, रस्त्यांवर गुलाबी फुलांचा सडा पडायला लागला होता, पंखा पहिल्यांदा सुरू केला होता. रत्नम्मा आल्या नव्हत्या. मी आईंना आत बोलावलं, चहा दिला आणि पहिल्यांदाच कप घेऊन त्यांच्यासमोर नुसती बसले. काम नाही, फोन नाही. बोलायचंही त्राण नव्हतं. डोळे मिटत होते.

आई माझ्याकडे बघत होत्या. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"तुम्ही लई दमल्यासारखं दिसताय की," त्या म्हणाल्या. "घरात कोण नाही काय तुमच्या?"

खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "आहेत ना," मी म्हटलं. "सासूबाई आहेत."

"मग असं दुसऱ्याच्यात काय बसलाय? जावा घरला. वाट बघत असतील त्या."

मी कप खाली ठेवला. उठले, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. मी भिंतीला टेकून जरा वेळ उभी राहिले. मग बेल वाजवली.

आत खुर्ची सरकली, पावलं आली, कडी निघाली. आईंनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "ये. आत्ताच एक बाई बसून गेली बघ. फार दमलेली होती गं बिचारी."